तिसरा ठोका

गरम असताना ती सुरू होत नाही.
म्हटलं तर एवढंच दुखणं.
जुलैच्या सकाळी, काचेवर दहिवर गोठलेलं असताना
पहिल्या किल्लीला उठते, घसा खाकरते,
निळा धूर सोडून पलीकडच्या मेंढ्या बिचकवते,
आणि बर्क्स पासच्या चढावर
सात हजार फेऱ्यांपर्यंत अशी चढत जाते
की माझे एकोणसाठ वर्षांचे कान तांबडे होतात.

पण पेट्रोलला थांबवली की संपलं.
चाळीस मिनिटं. निवेपर्यंत.
जेराल्डिनच्या पंपावरची पोरगी हल्ली
काही विचारत नाही, मला पाहून चहाच ओतते.
तिच्या आईचा घटस्फोट, तिचं गणित, तिचा तो
डनीडनला गेलेला मुलगा,
सगळं मला पाठ आहे
या इंजिनाच्या कृपेने.

तेविताने टेस्टर लावला. म्हणाला, ऐक.
पुढचा रोटर: फट् फट् फट्.
मागचा: फट् फट्
        फट् फट्
लंगड्याने जिना चढावा तसा.
त्रिकोणाचं एक टोक झिजलंय, नायरी.
बोटाएवढी पट्टी. पण तिच्यासाठी सगळं उघडायचं,
आणि उघडल्यावर काय निघेल ते मी आज सांगत नाही.

मर्डक म्हणतो
(अकरा वर्षं कुंपणापलीकडून म्हणतच आलाय)
माझ्याकडे आठ सिलिंडरचं पडलंय,
ठोकलेल्या होल्डनमधलं, नव्वद हजार किलोमीटर फक्त.
कुठल्याही गावात पार्ट मिळतात.
तेल पीत नाही. तापलं म्हणून रुसत नाही.
तुझ्या त्या शिवणयंत्राच्या पैशात असली दोन येतील.

खरंच आहे. दोन येतील.
तीन रात्री मी हिशेब मांडला
शाळेच्या बसच्या वेळापत्रकामागे, पाठकोऱ्यावर:
जपानहून हाउसिंग, सील, स्प्रिंगा, बेअरिंगं,
तेविताची मजुरी. तो कमीच लावतो,
त्याची लाज वेगळी धरायची.
बेरीज दर वेळी निराळी आली
आणि दर वेळी वाढली.

एवढं करून जुनं काय उरणार?
हाउसिंग नवी, मागचा रोटर नवा,
दोनतीन लोखंडी पाट्या आणि शाफ्ट.
मग मी जपते आहे ते काय,
ज्या पोकळीत हे सगळं फिरतं ती?

शनिवारी उतरवलं.
तेविताने वर्षांचा चिकटा रॉकेलने पुसला
आणि पुसता पुसता थांबला.
नंबर जुळत नव्हता.
कागदावर एक, लोखंडावर दुसरा.
पुढचं झाकण काढलं, तर आतल्या अंगाला
खिळ्याने कोरलेलं:
डंकन. पावसात. ९४.

म्हणजे तिचं मूळ इंजिन मी कधी ऐकलंच नव्हतं.
सत्तावीस वर्षं ज्याला मी
तिचा आवाज म्हणत आले
तो दुसऱ्याच कुठल्या गाडीचा,
भंगारातून उचललेला,
पाठीवर पाऊस घेत कुणा डंकनने बसवलेला.

मी हसले. इतकी, की मर्डक कुंपणाशी आला.
नंबर पाहिला. टोपी मागे सारली.
बऱ्याच वेळाने म्हणाला,
मग आता काय हरकत आहे?

काहीच हरकत नाही, मर्डक.

सोमवारी मुलांना सोडून
रिकाम्या बसमध्ये बसून मी फोन केला,
आणि सहा पट्ट्या मागवल्या. आणि हाउसिंग.
तेविताने विचारलं, का?
नीटसं सांगता आलं नाही.
म्हटलं, त्याचं इंजिन चांगलं आहे रे,
पण ते आठपर्यंत मोजतं.
मला तीनच येतात.

पार्सलला पाच आठवडे लागतील.
पंपावरच्या पोरीला अजून सांगितलेलं नाही.